जुन्या गाण्यांचा पहिला मॅशअप: पट्टी, लय आणि कात्री

मॅशअप शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी कॉम्प्युटर उघडू देत नाही. एक जुनं सिनेगीत लावतो, हातात कागद-पेन्सिल देतो आणि सांगतो, गायिका श्वास कुठे घेते तिथे खूण करा. तीन मिनिटांच्या गाण्यात बघता बघता कागद खुणांनी भरतो, आणि त्यातल्या कितीतरी खुणा ठेक्याच्या जराशा मागे किंवा जराशा पुढे पडलेल्या असतात. त्या ‘जराशा’त गाण्याचा जीव असतो, आणि मॅशअप बिघडतो तोही नेमका तिथेच. म्हणून या लेखात सॉफ्टवेअरपेक्षा ऐकण्यावर जास्त लिहिलंय.

आधी शब्द नीट करून घेऊ. जुनं गाणं नव्याने गाऊन-वाजवून घेतलं की ते कव्हर. मूळ ध्वनिमुद्रणातला आवाज ठेवून त्याखालचा ठेका, बेस, वाद्यमेळ बदलला की रीमिक्स. एका गाण्याचा आवाज दुसऱ्या गाण्याच्या संगीतावर बसवला की मॅशअप. आपल्याकडे या सगळ्यालाच रीमिक्स म्हणायची सवय लागली. १९९४ साली ब्रिटनमधल्या बॅली सागूचा ‘बॉलिवूड फ्लॅशबॅक’ हा रीमिक्स अल्बम आला, २००२ मध्ये ‘कांटा लगा’ लग्नाच्या वरातीपासून रिक्षापर्यंत सगळीकडे वाजलं. पण त्या ‘कांटा लगा’मध्ये १९७२ च्या ‘समाधी’तला लता मंगेशकरांचा आवाज नव्हताच, गाणं नव्या गायिकेकडून गाऊन घेतलं होतं. मॅशअपचं गाजलेलं उदाहरण बाहेरचं आहे. २००४ मध्ये डेंजर माउस या संगीत-निर्मात्याने रॅपर जे-झीच्या ‘ब्लॅक अल्बम’मधले शब्द बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’मधल्या तुकड्यांवर बसवून ‘ग्रे अल्बम’ केला. त्याला एक सोय होती: जे-झीचा नुसता आवाज, संगीताविना, अधिकृतपणे बाजारात मिळत होता. आपल्या जुन्या सिनेगीतांबाबत ती सोय नाही. आवाज आपल्यालाच सोडवून घ्यावा लागतो.

पायरी १: दोनच गाणी निवडा

पहिल्या खेपेला सात-आठ गाण्यांचा काला करू नका. एक ‘आवाजाचं गाणं’ आणि एक ‘संगीताचं गाणं’, बस्स. आवाजाचं गाणं असं घ्या, ज्यात गायन सुरू असताना मागे वाद्यं कमी आहेत. संगीताचं गाणं असं घ्या, ज्यात गायनाविना मोकळं संगीत भरपूर आहे: सुरुवातीचं म्युझिक, मुखडा आणि अंतरा यांमधला पीस, शेवट. आठ-दहा सेकंदांचा एक चांगला पीस मिळाला तरी त्यावर अख्खा मॅशअप उभा राहतो.

निवडताना ताल तपासा. केरव्याच्या आठ मात्रा आजच्या चार ठोक्यांच्या पॉप ठेक्यात आरामात बसतात. दादऱ्याचं तसं नाही. सहा मात्रांचं गाणं त्याच लयीच्या चार ठोक्यांवर ठेवलं तर दोघांची सम (तालाच्या एका फेरीची, म्हणजे आवर्तनाची, पहिली मात्रा) बारा मात्रांनी एकदा भेटते, आणि मधला सगळा वेळ ऐकणाऱ्याला कुठेतरी ठेच लागत राहते. दादरा घ्यायचाच असेल तर तीन मात्रांचा एक ठोका धरा, म्हणजे एका आवर्तनाचे दोन ठोके होतील. आणि त्याखाली झुलता, शफल ठेका द्या. रूपकाच्या सात मात्रा पहिल्या वर्षी बाजूला ठेवा.

पायरी २: फाईल चांगली मिळवा

विकत घेतलेल्या सीडीवरून वेव्ह फाईल करून घेणं सगळ्यात उत्तम. मोबाईलवर दहा हातांतून फिरून आलेली एमपीथ्री वापरू नका. ती दाबताना जी बारीक माहिती फेकली गेली, ती आवाज वेगळा काढताना पाण्याखालून आल्यासारखी खळखळ होऊन परत भेटते.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात: बँडलॅब फुकट आहे, ऑडॅसिटीही फुकट आहे पण तिथे दोन गाण्यांची लय जुळवणं कष्टाचं जातं. रीपर साठ दिवस वापरून बघता येतं आणि मग स्वस्तात विकत मिळतं; मी शिकवताना तेच वापरतो. एबलटन लाइव्ह आणि एफएल स्टुडिओ तर डीजे मंडळींच्या हातातलेच. जे मित्राकडे आहे ते घ्या, म्हणजे अडलं की विचारता येईल. कान पूर्ण झाकणारे साधे, वायरचे हेडफोन मात्र हवेतच. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, त्यावर लय बसवता येत नाही.

पायरी ३: पट्टी काढा

पेटी असेल तर पेटी घ्या, नसेल तर मोबाईलवर कुठलंही कीबोर्ड ॲप. गाण्याचा सा शोधा. मुखडा संपून जिथे चाल विसावते, बहुतेक वेळा तिथेच तो सापडतो. काळी एक, पांढरी दोन, काय असेल ते लिहून ठेवा. दुसऱ्या गाण्याचंही तसंच करा.

इथे एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. जुन्या गाण्याचा सा पेटीच्या कुठल्याच पट्टीवर बरोबर बसत नाही. काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळतो. कान चुकत नाहीत. टेप आणि तबकड्यांच्या यंत्रांचा वेग किंचित इकडेतिकडे असायचा, आणि वेग हलला की पट्टी हलते. दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर शंभर सेंटचं मानतात. गाणं तीस सेंट चढं असेल तर आवाजाला हात न लावता संगीताचं गाणं तीस सेंट चढवा. गाणारी व्यक्ती जिथे आहे तिथेच राहू द्यायची, हा नियम पुढेही पाळायचा आहे.

आता सा जुळला, पण तेवढ्याने भागत नाही. एका गाण्यात शुद्ध गंधार आणि दुसऱ्यात कोमल गंधार असेल तर पट्टी एकच असूनही दोन्ही एकमेकांना ओरबाडतात. इंटरनेटवरचे बहुतेक धडे कॅमेलॉट चक्राचे, म्हणजे पाश्चात्य पट्ट्यांना दिलेले, आकडे जुळवायला सांगतात. ते पाश्चात्य पॉपला ठीक आहे. आपल्या गाण्यांना थेट स्वर तपासणं जास्त खात्रीचं. दोन्ही गाण्यांचे वापरलेले स्वर शेजारी शेजारी लिहा. ‘अनपढ’मधलं ‘जिया ले गयो जी मोरा साँवरिया’ यमनातलं आणि ‘चितचोर’मधलं ‘जब दीप जले आना’ही यमनातलं. सा एका जागी आणला की स्वरांचं भांडण होण्याचं कारणच उरत नाही. दोन यमन शोधणं म्हणूनच नवख्यांसाठी चांगला सराव आहे.

आणि ज्यांनी थोडंफार गाणं शिकलंय त्यांच्यासाठी एक गुपित. पांढरी एकला सा धरून आसावरी थाटातलं गाणं असेल, तर त्याचे सातही स्वर काळी दोनला सा धरलेल्या बिलावल थाटाचेच असतात. भैरवी थाट असेल तर काळी चारचा बिलावल, काफी असेल तर काळी पाचचा. गाताना आपण याला मूर्च्छना म्हणतो. उदास चाल आणि उत्साही ठेका एकत्र आले तरी कानाला गोड लागतात ते बऱ्याचदा यामुळेच. पेटीवर वाजवून बघा, वाचून पटणार नाही.

पायरी ४: लय काढा, आणि ती बदलते हे मान्य करा

घड्याळ लावून तीस सेकंद टाळी द्या, टाळ्या मोजा, दुप्पट करा. ही झाली मिनिटाची लय. सॉफ्टवेअर आपोआप आकडा देतं, पण ते ७२ च्या जागी १४४ किंवा १४४ च्या जागी ७२ सांगू शकतं, म्हणून हाताने मोजणं सोडू नका.

माझ्या पहिल्या मॅशअपमध्ये मुखडा ठेक्यावर असा बसला की मी खुर्चीतून उठून नाचलो होतो. पहिला अंतराही ठीक गेला. दुसऱ्या अंतऱ्यात काहीतरी सुटलं; आवाज ठेक्याच्या पुढे पळायला लागला. रात्री दोनपर्यंत कारण सापडेना. मग मूळ गाणं लावून पुन्हा टाळ्या मोजल्या, तेव्हा उलगडा झाला. मुखड्याची लय ९२ होती आणि अंतऱ्यात वादक ९३ वर गेले होते. एका मिनिटात एक अख्खी मात्रा निघून गेली होती.

हे दोष नाहीत. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत गायिका, तबला-ढोलक, व्हायोलिनचा ताफा असं सगळं एकत्र, एका दमात ध्वनिमुद्रित व्हायचं. कानात टिकटिक वाजवणारं यंत्र नव्हतं. अंतऱ्यात भाव चढला की लय चढायची आणि मुखड्यावर येताना ती पुन्हा सावरायची. आजचा ठेका कॉम्प्युटर वाजवतो, तो एका आकड्यावर ताठ उभा असतो. अशा वेळी नवखे काय करतात, तर गायिकेचा आवाज चिरून चिरून त्या ताठ रेघांवर आणून ठेवतात. ऐकायला बरोबर वाटतं आणि मनाला लागत नाही.

उलटं करा. आवाज आहे तसा ट्रॅकवर ठेवा आणि दर आवर्तनाच्या समेला एक टेम्पो मार्कर लावा. रीपरमध्ये हे करण्याआधी आवाजाच्या ट्रॅकचा टाइमबेस ‘टाइम’वर ठेवा, नाहीतर मार्कर हलवताच आवाजही ताणला जाईल. एबलटन लाइव्हमध्ये आवाजाच्या क्लिपलाच टेम्पोचा लीडर करता येतं. आता प्रकल्पाची लय गाण्यासोबत ९२, ९२.५, ९३ अशी श्वास घेत चालेल, आणि तुम्ही भरलेला ढोल, बेस, की-बोर्ड तिच्या मागे मागे जाईल. तीन मिनिटांच्या गाण्याला सत्तर-ऐंशी खुणा कराव्या लागतात. दोन संध्याकाळी जातात. कंटाळवाणं काम आहे, तरी ते पूर्ण करा. या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

पायरी ५: आवाज सोडवा

पूर्वी कराओके करायला डाव्या बाजूतून उजवी बाजू वजा करायचे, म्हणजे मधोमध असलेला आवाज गळायचा. १९६० च्या दशकातली आपली बहुतेक सिनेगीतं मोनो आहेत. दोन्ही बाजू सारख्याच, त्यामुळे वजाबाकी केली की हाती शांतता येते. आता मशीन शिकवून तयार केलेली साधनं आहेत: डीझरने २०१९ मध्ये खुलं केलेलं स्प्लीटर, मेटाचं डेमक्स, आणि अशी बरीच मॉडेलं एकाच खिडकीतून चालवणारं अल्टिमेट व्होकल रिमूव्हर. शेवटचं फुकट आहे, त्यापासून सुरुवात करा.

निघालेला आवाज हेडफोन लावून एकटाच ऐका. त्याच्यामागे हलकी व्हायोलिनं, बासरी किंवा सारंगी रेंगाळताना ऐकू येईल. मुंबईच्या सिनेसंगीतात गायनाच्या मागून जाणाऱ्या या समांतर ओळीला ‘ऑब्लिगाटो’ म्हणायचे, आणि त्या लिहिण्यात सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांचा हात कोण धरणार! आवाजाच्याच उंचीवर, आवाजालाच बिलगून त्या चालतात, म्हणून यंत्राला त्या वेगळ्या करणं जड जातं. मी तर म्हणेन, थोड्या राहू द्या. तुमचं नवं संगीत त्याच स्वरांत असेल तर मागची ती पुसट व्हायोलिनं शोभून दिसतात. जिथे खुपतात तिथे फक्त ओळींमधल्या मोकळ्या जागा शांत करा. एकदम कात्री मारू नका, अर्ध्या सेकंदात उतरू द्या, नाहीतर गायिकेच्या मागची खोली दिवा विझल्यासारखी नाहीशी होते.

पायरी ६: किती ताणायचं

आवाजाची लय पाच-सहा टक्क्यांपर्यंत बदलली तर सहसा खपून जाते. त्यापुढे मुरकी चिकट होते आणि कंपन घाबरल्यासारखं ऐकू येतं. पट्टीही एक-दोन पट्ट्यांपलीकडे हलवू नका.

एक जुनी युक्ती मात्र फार उपयोगी आहे. रेकॉर्ड प्लेअरचा वेग वाढवला की लय आणि पट्टी दोन्ही एकत्र चढतात. एक पट्टी चढवायला वेग ५.९५ टक्के वाढतो. समजा संगीताचं गाणं काळी एकमध्ये, ९० च्या लयीत आहे आणि तुम्हाला ते पांढरी दोनमध्ये, ९५ च्या आसपास हवंय. मग लय वेगळी आणि पट्टी वेगळी ताणण्याची गरजच नाही. नुसता वेग वाढवा, पट्टी सांभाळण्याचा पर्याय बंद ठेवा. गाणं पांढरी दोनमध्ये ९५.३५ वर येईल आणि आवाजावर एक ओरखडाही उठणार नाही. गाणी निवडतानाच हा हिशेब करून ठेवला तर अर्धं काम वाचतं.

पायरी ७: सम सांभाळून मांडणी

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक अशी: आवाजाचा पहिला शब्द पकडून ठेक्याच्या पहिल्या ठोक्यावर ठेवणं. आपल्या कितीतरी गाण्यांचा मुखडा समेच्या आधी उचलला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या अक्षरावर सम येते. मूळ गाण्यात ढोलकाचा किंवा बेसचा मोठा ठोका कुठल्या अक्षरावर पडतो ते ऐका, आणि ते अक्षर पहिल्या ठोक्यावर आणा. आधीची अक्षरं आपोआप मागे जाऊन बसतील.

मांडणी साधी ठेवा. आठ आवर्तनं संगीत, मग मुखडा, संगीताच्या गाण्यातला पीस, अंतरा, पुन्हा मुखडा. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीला खालचा ठेका काढून घ्या आणि मुखड्याच्या समेवर परत आणा. इतकं केलं तरी ऐकणाऱ्याचा हात आपसूक टाळीसाठी उठतो.

पायरी ८: जागा करून द्या

आवाजातून शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका, तिथे गायिका नसते, घरघर असते. जुन्या ध्वनिमुद्रणात वरचा चकचकीतपणा मुळातच कमी असतो. तो वाढवायला गेलात तर फक्त खरखर वाढते. त्यापेक्षा नव्या झांजा-हायहॅट मऊ करा. तबल्याच्या डग्ग्याची मींड आणि तुमचा किक ड्रम एकाच खोलीत राहायला येतात, त्यामुळे दोघांपैकी एकालाच ठेवा. आणि आवाज व नवं संगीत दोन्हींवर एकच हलका रिव्हर्ब (खोलीतला घुमारा) द्या, म्हणजे दोघं एका जागी उभे राहून गातायत असं वाटेल.

शेवटची फाईल २४ बिट वेव्ह, साधारण उणे १४ लफ्स (आवाजाचा सरासरी मोठेपणा मोजायचं एकक), सर्वात उंच शिखर उणे १ डेसिबल. मोबाईलच्या स्पीकरवर आणि एकदा मोनोत ऐका, कारण मंडळाच्या भोंग्यांवर बहुधा मोनोच वाजतं.

कायद्याचं, आधीच

हे शेवटी वाचायचं म्हणून टाळू नका. घरी सरावासाठी केलेला मॅशअप ही एक गोष्ट आणि तो लोकांपुढे ठेवणं ही दुसरी. गाण्यात निदान तीन हक्क असतात: ध्वनिमुद्रणाचा, चालीचा आणि शब्दांचा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. चाल आणि शब्दांचा हक्क संगीतकार-गीतकार यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. वरच्याच ‘अनपढ’च्या गाण्याचं बघा. ते १९६२ चं, म्हणजे ध्वनिमुद्रणाची मुदत २०२२ च्या अखेरीस संपली. पण गीतकार राजा मेहदी अली खाँ १९६६ मध्ये गेले, त्यामुळे शब्द २०२६ अखेरपर्यंत, आणि मदनमोहन १९७५ मध्ये गेले, त्यामुळे चाल २०३५ अखेरपर्यंत राखीव. ‘जुनं गाणं आहे, आता मोकळं झालं असेल’ हा समज म्हणून धोक्याचा.

कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३१ सी कव्हरसाठी आहे: मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी, पूर्वसूचना आणि मानधन देऊन, आणि तेही रचनेत मनमानी बदल न करता. मूळ आवाज उचलून केलेला मॅशअप त्यात बसत नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या मालक कंपनीची आणि चाल-शब्दांच्या हक्कदारांची परवानगी लागते. ‘ग्रे अल्बम’ही बीटल्सची ध्वनिमुद्रण कंपनी ईएमआयने थांबवायला लावला होता. माझा एक मॅशअप इंटरनेटवर चढवल्यावर तासाभरात मुका झाला. यंत्रं मूळ ध्वनिमुद्रण ओळखतात, वेग बदलला तरी. परवानगी मिळो न मिळो, गायक, संगीतकार, गीतकार आणि चित्रपट यांची नावं प्रत्येक फाईलसोबत लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

शेवटची पायरी

मूळ गाणं तोंडपाठ असलेली एक व्यक्ती शोधा: आई, आत्या, शेजारचे काका, कोणीही. काही न सांगता मॅशअप लावा आणि गाण्याकडे नको, त्यांच्याकडे बघत बसा. ते गुणगुणू लागतील. जिथे त्यांचं गुणगुणणं अडखळेल, तिथली मिनिटं-सेकंदं कागदावर टिपा. माझ्या आईसाठी लावलेल्या एका मॅशअपमध्ये ती दर वेळी एकाच जागी, दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी, थांबायची. मी तपासलं तर तिथे ओळीआधीचा श्वास मी गोंगाट समजून कापला होता. तो परत जोडला, आणि ती शेवटपर्यंत गात राहिली.